प्रतिध्वनीच्या अभ्यासाची सत्तर वर्षं

रडार शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक समीकरण भेटतं आणि ते शेवटपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. लहर लक्ष्यापर्यंत जाताना अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होते, परतताना पुन्हा तशीच. त्यामुळे पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती सोळापट लागते. एम.ई., एम.टेक.चा पुढचा बराचसा अभ्यास या सोळापटीतून वाट काढण्याचा असतो. एका मायक्रोसेकंदाच्या साध्या पल्सने १५० मीटरपेक्षा जवळ असलेली दोन लक्ष्यं वेगळी दिसत नाहीत. पल्स आखूड केली तर ऊर्जा कमी पडते. म्हणून पल्स लांबच ठेवायची, तिची वारंवारता चढवत न्यायची आणि परत आल्यावर ती गणिताने आकसून घ्यायची. पल्स कंप्रेशनचा हा धडा मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो.

पुणे जिल्ह्यात या विद्येची सुरुवात लष्करी कुंपणाआड झाली. १९५२ मध्ये खडकीला शस्त्रास्त्रविद्येची संस्था निघाली. १९६७ मध्ये ती खडकवासल्याजवळ गिरीनगरला गेली, २००० मध्ये अभिमत विद्यापीठ झाली आणि २००६ पासून डीआयएटी या नावाने ओळखली जाते. तिथे रडार हा एम.टेक.चा विषय आहे. संरक्षण खात्याची ही संस्था प्रामुख्याने सेनादलांचे अधिकारी आणि संरक्षण शास्त्रज्ञ यांच्यासाठी उभी राहिली. गावाकडच्या मुलाला तिची वाट सहसा ठाऊक नसे.

जुन्नरच्या पूर्व भागात मात्र या विद्येची दुसरी शाखा उघड्या रानात उभी राहिली. निमगाव सावा, बेल्हे, आळे या पट्ट्यातल्या मुलांना खोडदची रेडिओ दुर्बीण नवी नाही. ती रडार नव्हे, कारण ती स्वतः काही पाठवत नाही, फक्त ऐकते. पण तिचं कूळ रडारचंच. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या रडारांवर विचित्र गोंगाट आला. शत्रूने अडथळा आणला असावा असा संशय होता, पण शास्त्रज्ञ जे. एस. हे यांनी तो गोंगाट सूर्याकडून येतोय हे ओळखलं. युद्ध संपल्यावर रडारची माणसं आणि यंत्रं आकाशाकडे वळली. सिडनीला जोसेफ पॉसी यांच्या हाताखाली १९५३ पासून शिकलेले गोविंद स्वरूप पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आले आणि सिडनीच्याच ३२ छोट्या डिश १९६५ मध्ये कल्याणला सूर्याच्या निरीक्षणासाठी लागल्या. त्यानंतर उटीची दुर्बीण, आणि नव्वदच्या दशकात खोडदची: ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत. तारेच्या जाळीचे हलके पृष्ठभाग ही स्वरूपांची कल्पना. तिच्यामुळेच एवढ्या मोठ्या डिश आपल्या ऐपतीत बसल्या.

रडारच्या विद्यार्थ्याने खोडदला जाऊन रिसीव्हर समजून घ्यावा, असं मी आग्रहाने सांगतो. गोंगाटात बुडालेला संकेत शोधण्यासाठी वर्गात जे सहसंबंधाचं गणित शिकवतात, तेच इथे जोडीजोडीने सगळ्या डिशवर चालतं. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण रेडिओ संकेत खोडदला टिपला गेला. डॉपलर बदलातून त्याचा वेग कसा उतरतोय ते दिसत होतं. उतरण्याच्या थोडं आधी संकेत थांबला. यान गेलं, पण डॉपलरचा धडा शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही.

आता कुरण आणि बेल्ह्याला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आयआयटीच्या प्राध्यापकांची रडारवरची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट मिळतात. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदला शाळा-कॉलेजांच्या पोरांची गर्दी होते. पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग या दुर्बिणीपायी बदलायची वेळ आली, तेव्हा तालुक्यात नाराजी पसरली, आणि ती समजण्यासारखी आहे. पण विजेच्या गाडीतून उठणारा रेडिओ गोंगाट दूरच्या आकाशगंगांच्या संकेताला किती सहज झाकून टाकतो, हे गावात समजावून सांगणारा माणूस गावचाच असता तर बोलणं वेगळं झालं असतं.

पुढच्या पिढीसाठी एक विषय मला समोर दिसतो. भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं (आयआयटीएम) एक्स-बँड रडार मांढरदेवीच्या डोंगरावरून सह्याद्रीतले ढग पाहतं. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही ध्रुवणांनी लहर पाठवली, तर पडताना चपटा होणारा पावसाचा मोठा थेंब आडव्या लहरीला जास्त उत्तर देतो. गडगडत येणारी गार मात्र दोन्हींना जवळपास सारखंच. हा फरक वाचून गारपीट ओळखता येते. जुन्नरच्या द्राक्ष, कांदा आणि टोमॅटोवर येणारी गारपीट या पद्धतीने अभ्यासणारा प्रबंध व्हायला हवा, आणि तो निमगाव सावाच्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने करावा. गारांनी झोडपलेला कांदा त्यांनी स्वतःच्या शिवारात पाहिलेला असतो. रडारच्या पडद्यावरचा कोणता आकडा आधी तपासायचा, हे त्यांना सुचेल.