गांजा, भूक आणि लहान झालेलं जठर

गांजा ओढला की भूक खवळते, हे शास्त्रज्ञांनी कारण शोधण्याच्या कितीतरी आधीपासून लोकांना ठाऊक होतं. गांजातला टीएचसी हा घटक मेंदूतल्या सीबी-१ ग्राहींना चिकटतो आणि पोट भरलेलं असतानाही खावंसं वाटतं. हेच ग्राही रोखणारं रिमोनाबंट हे वजन घटवण्याचं औषध २००६ मध्ये युरोपात आलं. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांचे धोके दिसल्यावर २००८ मध्ये ते मागे घेतलं गेलं. हे पाहता वजन घटवण्यासाठीच्या बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर गांजा घेणाऱ्याचं वजन उतरणारच नाही, असं कुणालाही वाटेल.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २०१४ पासून गांजा दुकानात मिळू लागला आणि तिथल्या सर्जनांना ही शंका तपासता आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३४ रुग्णांच्या पाहणीत, पहिल्या तीन महिन्यांत गांजा घेणाऱ्यांचं वजन इतरांइतकंच उतरलं. वेदनाशामक म्हणून अफूवर्गीय औषधं मात्र त्यांना जास्त लागली. पण तीन महिन्यांत तर जवळपास सगळ्यांचंच वजन उतरतं. ते परत चढू लागतं वर्ष-दोन वर्षांनी. एवढ्यावर गांजाला निर्दोष ठरवणं मला पटत नाही.

खरी काळजी उलट्यांची आहे. स्लीव्ह या बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. सुरुवातीचे आठवडे रुग्ण घोट घोट पातळ पदार्थांवर असतो. त्यात उलट्या सुरू राहिल्या, तर शरीरातला थायमिनचा (बी-१ जीवनसत्त्वाचा) साठा काही आठवड्यांत संपतो. मग चालताना तोल जातो, नजर स्थिर राहत नाही, माणूस गोंधळतो. उपचाराला उशीर झाला तर स्मृती कायमची जाऊ शकते. वर्षानुवर्षं रोज गांजा घेणाऱ्यांना अशा अनावर उलट्यांचे झटके येतात, हे ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये नोंदवलं. कढत पाण्याने अंघोळ केली की त्यांना तात्पुरता आराम पडतो, ही त्यातली ठळक खूण. रुग्णाने गांजा लपवला, तर डॉक्टर जठर कुठे अरुंद झालंय का तेच शोधत राहतात.

आपल्याकडे लपवण्याला कारणही आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा-चरस बाळगणं गुन्हा ठरतो. भांगेची पानं त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून ती घेणाऱ्याला हे सांगण्यासारखं वाटतच नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या २०२३ च्या सूचनांनुसार, भूल देण्यापूर्वी प्रत्येकाला गांजाबद्दल विचारायचं आणि दोन तासांच्या आत ओढला असेल तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, कारण तेवढ्या वेळात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो. आपल्या तपासणीत ‘काही व्यसन?’ एवढाच प्रश्न असेल, तर उत्तर तंबाखू-दारूपाशी थांबतं. नातेवाइकांना बाहेर बसवून गांजा, चरस, भांग अशी नावं घेऊनच विचारायला हवं.