जुना गेम कन्सोल घेताना
वापरलेला प्लेस्टेशन ५ निम्म्या किमतीत दिसला, की संशयाला तिथेच जागा असते. अनेकदा विक्रेता स्वतःला बदली झालेला जवान म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, कुरिअरसाठी आगाऊ रक्कम मागतो. वस्तू येतच नाही. प्रत्यक्ष भेटीतही घाई नको. यंत्र टीव्हीला जोडून, डिस्क घालून, स्वतःच्या खात्याने ऑनलाइन जाऊन पाहावे, कारण कंपनीने नेटवर्कवर बंदी घातलेले यंत्र बाहेरून अगदी धडधाकट दिसते. खोक्यावरचा आणि यंत्रावरचा अनुक्रमांकही जुळायला हवा. पैसे त्यानंतरच. परताव्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितल्यास थांबावे. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, म्हणजे रक्कम पुढे वळती होण्याआधी गोठवता येऊ शकते.