भिंतीचं इरलं

कोल्हापूरहून पश्चिमेला गगनबावड्याकडे निघालं, की पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या अंतरात पावसाचं मान कितीतरी पटींनी वाढतं. शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर, तर घाटमाथ्यावर ५००० च्या आसपास. आणि हा पाऊस सरळ पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर त्याची झड येते ती घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर. जुन्या घरांना त्यासाठी रुंद वळचण असे. महाबळेश्वरला तर पावसाळ्याआधी भिंतींवर गवताचे तट्टे बांधायची जुनी पद्धत आहे. आता गवताची जागा पन्हळी पत्र्यांनी घेतली आहे. कोल्हापुरातही भिंत ओली येऊ लागली, की कुणी तिला जलरोधक रंग लावतं, कुणी पत्रा ठोकतं. आणि बऱ्याच घरांत पुढच्या श्रावणात आतले पोपडे पुन्हा सुटतातच. असं का होतं?

आधी पाणी भिंतीत शिरतं कसं ते पाहू. ते छिद्रातून खाली ओघळतं, हे सर्वांना ठाऊक असतं. पण पाणी आडवं जातं आणि वरही चढतं. सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर अडला, की सुमारे १३५ पास्कल दाब पडतो. १४ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब एवढाच असतो. म्हणजे पत्र्याच्या जोडावर दोन पत्रे एकमेकांवर सेंटिमीटरभरच चढवले असतील, तर वारा पाण्याला तो चढ सहज चढवतो.

दुसरी वाट केशाकर्षणाची. ही वर्गात दाखवता येते. काचेच्या दोन सपाट पट्ट्या घ्या. एका कडेला त्या एकमेकींना टेकवा, दुसऱ्या कडेला मध्ये आगपेटीची काडी उभी ठेवा आणि रबरबँड लावा. ही जोडी रंगीत पाण्यात उभी करा. टेकलेल्या कडेला पाणी सरसर वर चढतं, काडीच्या बाजूला जेमतेम उचलतं आणि मध्ये सुंदर वक्ररेषा तयार होते. स्वच्छ काचांमध्ये ०.१ मिलिमीटर फट असेल, तर पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढतं; १ मिलिमीटर फटीत दीड सेंटिमीटर; १० मिलिमीटर फटीत फक्त दीड मिलिमीटर. फट दहापट रुंद, तर चढ दहापट कमी. गिलाव्याच्या बारीक भेगा आणि भिंतीला घट्ट चिकटलेला पत्रा, दोन्ही ठिकाणी आपण पाण्याला टेकलेली कडच देत असतो.

मग काडीच्या बाजूचा उपयोग भिंतीला का करू नये? पत्रा भिंतीपासून दोन बोटं दूर बसवला, तर केशाकर्षणाचा पूल तुटतो. एखादा थेंब जोडातून आत आलाच, तर तो पत्र्याच्या पाठीवरून ओघळून खाली निघून जातो. शिवाय पोकळी बाहेरच्या हवेला मोकळी असेल, तर पत्र्याच्या पुढचा आणि मागचा दाब जवळजवळ सारखा होतो आणि वाऱ्याचा रेटा बराच ओसरतो. ही कल्पना नॉर्वेच्या बिर्कलंड यांनी १९६२ मध्ये आणि कॅनडाच्या गार्डन यांनी १९६३ मध्ये नीट मांडली. पण भातलावणीच्या इरल्यातही हेच आहे. इरलं पाठीला चिकटत नाही. पाऊस वरच्या वर निथळतो आणि खालून हवा खेळत राहते. प्लास्टिकचा रेनकोट घालून अर्धा तास सायकल चालवली, तर आपण पावसाने नाही तरी घामाने भिजतो.

भिंतीलाही घाम येतो, तो घरातल्या बाष्पाचा. एक हिशेब करू. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. २५ अंश सेल्सिअसला संपृक्त हवेत घनमीटरमागे २३ ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे खोलीत एकूण सुमारे ७८० ग्रॅम. जुलैत सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के धरली, तर ६६५ ग्रॅम आधीच भरलेले! जागा उरली जेमतेम ११५ ग्रॅमची. अशा खोलीत आपण दोरी बांधून बादलीभर धुणं वाळत घालतो आणि त्यातून लिटरच्या हिशेबाने पाणी निघतं. खिडक्या बंद असतील, तर ते जाणार कुठे? गार भिंतीत, पुस्तकांत, कपाटातल्या चपलांवर. कोल्हापुरी चपलेवर पांढरी बुरशी दिसली, की समजावं, खोलीतली हवा भरली आहे.

म्हणून बाहेरून भिंत हवाबंद करणं अंगावर येतं. साधी वीट २४ तास पाण्यात बुडवली, तर वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषणं भारतीय मानकात चालतं. म्हणजे तीन किलोच्या विटेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी राहू शकतं. बाहेर बाष्प रोखणारा रंग असेल, तर हे पाणी आतल्या बाजूनेच वाळतं आणि जाताना क्षार पृष्ठभागावर आणून सोडतं. तोच लोणा. ओल आणि बुरशीमुळे दमा व श्वसनाचे विकार बळावतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. ही तक्रार नुसती रंग खराब झाल्याची राहत नाही.

कॅनडातल्या व्हँकुव्हर भागात याची मोठी किंमत मोजावी लागली. १९८० आणि ९० च्या दशकांत तिथे अरुंद वळचणीच्या इमारती उठल्या. दिसायला कॅलिफोर्नियासारख्या, पण कॅलिफोर्नियाची कोरडी हवा तिथे कुठून येणार? लाकडी सांगाड्यावर थेट गिलावा होता; आत गेलेलं पाणी बाहेर पडेना आणि लाकडं कुजली. १९९८ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे त्या पट्ट्यात बाह्य आवरणामागे किमान १० मिलिमीटरची पोकळी नियमातच आली. काचपट्ट्यांचा प्रयोग केलेल्या मुलांना हा आकडा कुठून आला ते विचारून पाहा. आपल्या विटा कुजत नाहीत, पण काँक्रीटमधली सळई गंजते.

पोकळी म्हणजे जादू मात्र नाही. आठवडाभर पाऊस लागून राहिला आणि हवा २४ अंशांना संपृक्त असली, की पोकळीतून कितीही हवा वाहिली तरी भिंत वाळत नाही. त्या दिवसांत तिचं काम फक्त पाणी निथळवण्याचं. उघडीप झाली, की चित्र बदलतं. उन्हाने पत्रा तापतो. मागची हवा ३० अंशांवर गेली, की तिची आर्द्रता ७० टक्क्यांवर येते आणि घनमीटरमागे आठ-नऊ ग्रॅम पाणी उचलायची तिची ताकद होते. ती हलकी होऊन वर जाते, खालून दुसरी येते. धुराड्यासारखंच. यासाठी वरची आणि खालची अशा दोन्ही वाटा उघड्या हव्यात.

नेमकी इथेच चूक होते. पन्हळी पत्र्याला आडव्या रिपा लागतात आणि त्या थेट भिंतीवर ठोकल्या, की भिंतीवरून उतरणारं पाणी प्रत्येक रिपेवर अडतं. आधी उभ्या रिपा, त्यावर आडव्या आणि मग पत्रा, हा क्रम ठेवावा. खर्च थोडा वाढतो, पण दरवर्षीच्या रंगापेक्षा नक्कीच कमी. खालची कड सिमेंटने लिंपू नये. पाली, गांधीलमाशा शिरतात म्हणून लिंपतात. तिथे बारीक जाळी पुरते. जमिनीतून जोत्यावाटे चढणारी ओल मात्र पत्र्याने थांबत नाही, तिचा इलाज वेगळा.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, की हा प्रयोग लावून द्या. सारख्या तीन विटा दिवसभर भिजवून तोला. एक उघडी ठेवा. दुसरीला प्लास्टिक घट्ट गुंडाळा. तिसरीभोवती काड्या उभ्या लावून त्यावरून प्लास्टिक घ्या, वरखाली तोंड उघडं ठेवा. तिन्ही पावसापासून आडोशाला, वाऱ्याच्या व्हरांड्यात ठेवून रोज त्याच वेळी वजन घ्या आणि शेजारी त्या दिवशी पाऊस होता की उघडीप, तेही लिहा. तिसऱ्या विटेचा आलेख कोणत्या दिवशी पहिलीसारखा जातो आणि कोणत्या दिवशी दुसरीसारखा, हे मुलांना शोधू द्या.