इंग्रजीच्या तासाला चित्रपट : दुसऱ्या संहितेचे वाचन

साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे १९३५ चे पुस्तक आणि त्यावर आचार्य अत्रे यांनी काढलेला १९५३ चा चित्रपट या दोन्ही कृती आपल्या परिचयाच्या आहेत. पुस्तकाची प्रकरणे 'रात्रीं'मध्ये विभागली आहेत. श्याम आपल्या सोबत्यांना आठवणी सांगत आहे, अशी त्याची मांडणी आहे. सांगण्याची ही रीत पडद्यावर आणताना काय करावे लागते, असा प्रश्न मनात आला की माध्यमांतराचा अभ्यास सुरू होतो. प्रस्तुत घटकात हाच प्रश्न आपण माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या तासाला विचारणार आहोत. तुमच्यापैकी काहीजण पुढे भाषाशिक्षक होतील, काहींच्या घरी दहावी-बारावीची मुले असतील. म्हणून या विषयाकडे केवळ परीक्षेच्या दृष्टीने पाहू नये.

उदाहरणासाठी मुंबईतील कुर्ला हा भाग घेऊ. स्वदेशी मिल आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना यांच्या आधाराने येथे कामगारवस्ती वाढली. कोकणातून, घाटावरून आणि उत्तर भारतातून माणसे आली. त्यामुळे मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा चारही माध्यमांच्या शाळा येथे जवळजवळ नांदतात. नेहरूनगरातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी घरी मराठी बोलतो, रस्त्यावर हिंदी, आणि इंग्रजी त्याला मुख्यतः वहीत भेटते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीला पोहोचेपर्यंत त्याने नऊ वर्षे ही भाषा हाताळलेली असते. तरीही धड्यातील ओळ वाचायची, तिचा मराठीत अर्थ सांगायचा आणि उत्तर फळ्यावर लिहून द्यायचे, ही पद्धत अनेक वर्गांतून अजून गेलेली नाही. परिणाम असा, की विद्यार्थ्याला धड्याचा आशय ठाऊक असतो, पण त्या आशयाविषयी स्वतःचे म्हणून एकही इंग्रजी वाक्य त्याच्यापाशी नसते.

हाच विद्यार्थी चित्रपटाविषयी मात्र गप्प बसत नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावरील 'कल्पना'सारख्या एकपडदा चित्रगृहांत त्याच्या आधीच्या पिढीने चित्रपट पाहिले; तो मोबाइलवर किंवा मॉलमधील पडद्यावर पाहतो. कथा कोठे ताणली आहे, खलनायक का पटत नाही, गाणे कोणत्या जागी उगाच आले, हे तो मित्रांना सकारण सांगतो. ही समीक्षाच आहे. फक्त ती शाळेबाहेर राहिली आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांनी तिला आत येण्यासाठी दार ठेवले आहे. 'बालभारती'ने २०१९ मध्ये आणलेल्या अकरावीच्या इंग्रजी 'युवकभारती'त चित्रपट-परीक्षण हा लेखनप्रकार आहे. त्याच पुस्तकात हेन्रिक इब्सेन यांच्या 'अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल' या नाटकातील उतारा आहे. दुर्दैवाने परीक्षण हा प्रकारही पाठांतराच्या वाटेने जातो : कथानक छान, अभिनय सुंदर, संगीत श्रवणीय. चित्रपट कोणताही असो, उत्तर तेच. एकाच पुस्तकातले नाटक आणि परीक्षण ही दोन पाने एकमेकांना जोडली, तर काय घडू शकते ते पाहा.

इब्सेन यांचे नाटक १८८२ चे, नॉर्वेतील. एका गावाची मिळकत तेथील स्नानगृहांवर अवलंबून आहे. डॉ. स्टॉकमन यांना आढळते की ते पाणी दूषित आहे. नगराध्यक्ष असलेला त्यांचा सख्खा भाऊ, वृत्तपत्र आणि शेवटी गावकरी त्यांच्या विरोधात उभे राहतात. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये याच नाटकावरून 'गणशत्रु' हा बंगाली चित्रपट केला. त्यात स्नानगृहांच्या जागी मंदिर आहे आणि दूषित आहे ते तीर्थ. हा केवळ स्थळाचा बदल नव्हे. नॉर्वेतील गावकरी आपल्या उत्पन्नासाठी डॉक्टरांना गप्प करतात. रायांच्या चंडीपुरात उत्पन्नाच्या जोडीला श्रद्धा येते. पवित्र तीर्थात दोष असूच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांपुढे प्रयोगशाळेचा अहवाल ठेवून काय उपयोग? डॉक्टरांचा पेच येथे अधिक अवघड होतो. शेवटही वेगळा आहे. इब्सेनचा नायक एकटे उभे राहण्यातच बळ मानतो, तर रायांच्या डॉक्टरांना बाहेरून तरुणांच्या पाठिंब्याचा आवाज ऐकू येतो. यांपैकी कोणता शेवट खरा वाटतो, या प्रश्नाला गाइडमध्ये उत्तर नाही. विद्यार्थ्याला ते स्वतःच शोधावे लागते आणि त्यासाठी मूळ उतारा पुन्हा वाचावा लागतो.

बारावीच्या पुस्तकात ई. आर. ब्रेथवेट यांच्या 'टू सर, विथ लव्ह' या १९५९ च्या कादंबरीचा अंश आहे. लंडनच्या ईस्ट एंडमधील शाळेत शिकवणाऱ्या एका कृष्णवर्णीय शिक्षकाची ही कथा आहे. जेम्स क्लॅव्हेल यांनी १९६७ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. कादंबरी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लगतच्या काळातली आहे. चित्रपट तिला साठच्या दशकात आणतो. सहशिक्षिकेशी नायकाचे जुळलेले प्रेम कादंबरीत स्पष्ट आहे, चित्रपटात त्याची केवळ चाहूल उरते. येथे विद्यार्थ्यांना विचारावे : कृष्णवर्णीय पुरुष आणि गौरवर्णीय स्त्री यांचे नाते निर्मात्यांनी का झाकले असेल? वगळलेल्या गोष्टीचे वाचन करायला शिकणे, हा साहित्याभ्यासाचा फार मोठा भाग आहे, आणि चित्रपटाच्या सोबतीने तो शाळकरी वयातही साधतो.

एका गोष्टीबाबत मात्र सावध राहावे. धडा संपल्यावर बक्षीस म्हणून अडीच तास चित्रपट लावणे, हे अध्यापन नव्हे. दहा मिनिटांचा एकच प्रसंग घ्यावा. तो आधी आवाज बंद करून दाखवावा आणि पात्रे काय बोलत असतील ते मुलांना सुचवू द्यावे. नंतर इंग्रजी संवाद आणि इंग्रजीच उपशीर्षके यांसह दाखवावा. हिंदी रूपांतर लावले की कथा कळते, भाषा निसटते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतील ओळी दाखवण्याचा जो प्रयोग केला, त्यामागचे तत्त्व हेच होते : कान ऐकतो ते डोळ्याने वाचत जावे. चर्चा प्रथम मराठीत, हिंदीत, उर्दूत होऊ द्यावी; कुर्ल्याच्या वर्गात ती तशीच होणार. मत तयार झाल्यावर त्यासाठी इंग्रजी शब्द शोधणे सोपे जाते. मतच नसेल, तर शब्द पाठ करण्यावाचून गत्यंतर नसते.

स्वाध्याय : आपण वाचलेली आणि पडद्यावर पाहिलेली कोणतीही एक कृती निवडा. मूळ संहितेत असलेला, पण चित्रपटात नसलेला एक प्रसंग शोधा. तो का वगळला असावा, याविषयी प्रथम मराठीत दहा ओळी लिहा. नंतर त्यांतील तुम्हांला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या तीन ओळी शब्दकोश न पाहता इंग्रजीत लिहा.