बटाटा खावा की टाकावा?

सभासद बंधूंनो, पूर्वहंगामी उसात बटाट्याचे आंतरपीक घ्या म्हणून आम्ही गटागटांतून सांगत फिरतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, बटाट्यानं साखर वाढते म्हणतात, मग घरी खायचा का न्हाई?" (साखर वाढवण्याचीच नोकरी करणाऱ्याला हे विचारायचे!)

खावा. शंभर ग्रॅम बटाट्यात सुमारे १७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ, बाकी बहुतेक पाणी. शिवाय पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व. सालीसकट उकडला तर जीवनसत्त्व कमी वाया जाते. मात्र त्याची गणती भाकरी-भातात करावी, पालेभाजीत नव्हे. ताटात बटाटा आला की भाकरी कमी. मधुमेह असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे. वडा, वेफर्स यांचा हिशेब वेगळा, तिथे तेलच फार.

खरा धोका दुसराच आहे. व्यापारी हिरवट बटाटे बाजूला काढतो आणि तेच आपल्या घरी शिजतात. ऊन लागून हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विष वाढते, उकडूनही ते जात नाही. उलट्या-जुलाब होतात, पोरांना बाधा लवकर. जनावरांपुढेही टाकू नयेत. लागणीनंतर महिनाभरात मातीची भर नीट लावा. काढलेला माल पाचटाने झाका आणि घरात अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा.