मोठी गाडी विकून छोटी घेताना
कर्ज आणि घरखर्च : लेखांक ११

कर्जावर घेतलेली महाग गाडी विकायची, तिचे उरलेले कर्ज फेडायचे आणि स्वस्तातली दुसरी गाडी घ्यायची, हा डोक्यावरचे कर्ज उतरवण्याचा एक जुना मार्ग आहे. या व्यवहारात हप्ता जवळजवळ नेहमीच कमी होतो. कर्जातून खरोखर किती सुटका होते, हे मात्र गाडी विकण्याची वेळ, हातात पडणारी किंमत आणि कागदपत्रांचा क्रम यांवर ठरते. हप्ता उतरला म्हणजे ओझे उतरले असे धरून चालणाऱ्यांची फसगत इथेच होते.

सुरतच्या नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात हा प्रश्न वेगळ्या तीव्रतेने येतो. इथली मोठी वस्ती खान्देशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून उधना-जळगाव रेल्वेमार्गाने आलेल्या मराठी कुटुंबांची आहे. लूम्स, डाइंग-प्रिंटिंगच्या मिल, एम्ब्रॉयडरीची मशिने, रिंग रोडची कापड मार्केटे आणि हिऱ्यांचे कारखाने ही त्यांची रोजीरोटी. यातले बरेचसे काम मीटरवर किंवा नगावर मोजले जाते. लग्नसराई आणि दिवाळीच्या आधी हात भरलेले असतात आणि मंदीत तेच हात रिकामे होतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हिऱ्याच्या कारखान्यांत ऐन हंगामात सुट्ट्या पडल्या. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा हिरे आणि कापड दोन्हींना झळ लागली. बँकेचा हप्ता मात्र मंदी पाहत नाही, ठरल्या तारखेला खात्यातून वळता होतोच. तेजीच्या वर्षातल्या कमाईवर सात वर्षांचे कर्ज बेतलेले असते, ही या पट्ट्यातल्या गाडीकर्जाची मूळ अडचण आहे.

एक नमुन्याचा हिशेब मांडला की गोष्ट स्पष्ट होते. समजा, चार मीटरच्या आतली पेट्रोल एसयूव्ही ऑन-रोड ११ लाखांना घेतली. २ लाख रोख भरले आणि ९ लाखांचे कर्ज ९.५ टक्के व्याजाने ८४ महिन्यांसाठी काढले. हप्ता साधारण १४,७१० रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले ७,१२५ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल ७,५८५ रुपयांनीच घटते. पुढे व्याजाचा वाटा हळूहळू कमी होतो. अडीच वर्षांत, ३० हप्त्यांचे मिळून सुमारे ४ लाख ४१ हजार रुपये भरून झाल्यावरही ६ लाख ४४ हजारांचे मुद्दल शिल्लक असते. मधले १ लाख ८५ हजार व्याजात गेलेले असतात. ‘निम्मे तर फिटले असेल’ हा घरोघरीचा अंदाज या आकड्यांपुढे टिकत नाही.

कर्ज असे सावकाश उतरते. गाडीची किंमत सुरुवातीलाच झपाट्याने उतरते. विमा कंपन्या गाडीचे मूल्य, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना वापरत आलेल्या प्रचलित कोष्टकात सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरला जातो. हा घसारा शोरूमच्या किमतीवर असतो. आरटीओचा कर, विमा आणि ॲक्सेसरीज यांवर खर्च झालेले पैसे गाडी रस्त्यावर येताच गेले असे समजावे. बाजारभाव या कोष्टकापेक्षा कमीजास्त असू शकतो. सीएनजीच्या छोट्या गाड्यांना सुरतेत चांगली मागणी असते, तर खूप चाललेल्या डिझेल गाडीला गिऱ्हाईक शोधावे लागते.

यात २२ सप्टेंबर २०२५ ला आणखी एक घाव बसला. त्या दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. यात चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या येतात. त्याआधी अशा पेट्रोल गाडीवर सेस धरून २९ टक्के कर होता. म्हणजे शोरूममध्ये ९ लाख ७५ हजारांची असलेली गाडी पूर्ण कपात गिऱ्हाइकाला मिळाली तर ८ लाख ९२ हजारांच्या आसपास येते. नव्या गाडीचा भाव ८०-८३ हजारांनी उतरला की तीच जुनी गाडी आधीच्या भावाने कोणी घेत नाही. ज्यांनी त्याआधी कर्ज काढले त्यांच्या गाडीचे मोल रातोरात घटले, पण मुद्दल एका रुपयानेही कमी झाले नाही. अर्थात हीच कपात पुढे घ्यायच्या छोट्या गाडीलाही लागू आहे, त्यामुळे नुकसानाचा काही भाग खरेदीत भरून निघतो.

वेळेचा प्रश्न यातूनच येतो. वरच्या नमुन्यातली गाडी वर्षभरातच विकायला काढली, तर कर्ज ८ लाख ५ हजार उरलेले असते आणि दलाल पावणेआठ लाखांच्या आसपास बोलतो. त्यात मुदतीआधी कर्ज बंद करण्याचे शुल्क येते. गाडीकर्ज बहुधा स्थिर व्याजदराचे असते. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या कर्जावर असे शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, पण स्थिर दराच्या जुन्या कर्जांना करारातल्या अटी लागू होतात. शुल्क ३ टक्के धरले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, तर साधारण साडेअठ्ठावीस हजार. एकूण ५८ हजारांची तूट खिशातून भरल्याशिवाय गाडी सुटतच नाही. ही तूट भरायला वैयक्तिक कर्ज किंवा भिशीचा आधार घेणे म्हणजे तारण असलेले स्वस्त कर्ज मोडून महाग कर्ज घेणे होय. अशा अवस्थेत गाडी बदलण्याचा विचार सोडून द्यावा हे बरे.

अडीच वर्षांनी चित्र पालटते. गाडीला ६ लाख ९० हजार मिळाले, कर्जाचे ६ लाख ४४ हजार आणि शुल्काचे सुमारे २३ हजार वजा केले, की २३ हजार हाती उरतात. त्यात बचतीतले ७७ हजार घालून ४ लाखांची जुनी, पण सुस्थितीतली सीएनजी वॅगनआर घेतली, तर कर्ज ३ लाखांचे लागेल. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो. १३ टक्के धरला तरी चार वर्षांचा हप्ता ८,०५० रुपयांच्या आत बसतो. महिन्याला साडेसहा हजारांहून जास्त मोकळे होतात, कर्ज ६ लाख ४४ हजारांवरून ३ लाखांवर येते, आणि पुढे भरायचे एकूण व्याज दीड लाखावरून ८६ हजारांवर उतरते. इंधनाची बचत आणि कमी विमा हप्ता वेगळाच.

मात्र या व्यवहारात कुटुंब श्रीमंत होत नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते. आधी गाडीची किंमत आणि कर्ज यांतला फरक ४६ हजार होता. नंतर तो १ लाख झाला, पण त्यातले ७७ हजार घरच्या बचतीचे होते. म्हणजे शुल्कापोटी २३ हजार गेलेच, आणि ट्रान्सफर, विमा, दलाली यांचा खर्च त्यावर आहेच. ही किंमत दरमहा मोकळ्या होणाऱ्या पैशासाठी मोजायची असते. ते साडेसहा हजार मोबाइलच्या किंवा फ्रिजच्या हप्त्यात गेले तर सगळी उठाठेव वाया गेली.

याला एक पर्यायही आहे. तेच ७७ हजार जुन्या कर्जात भरून हप्ता तोच ठेवला, तर उरलेले ५४ हप्ते ४७ वर येतात. अशा अंशतः फेडीवर शुल्क आहे का, ते करारात पाहावे लागते. ज्या घराला हप्ता झेपतो आहे पण कर्ज लवकर संपवायचे आहे, त्याने हाच मार्ग धरावा. ज्याला दर महिन्याला हप्ताच जड जातो, त्याचा प्रश्न यातून सुटत नाही, आणि गाडी बदलण्याचा मार्ग त्याच्यासाठी आहे. छोटी गाडी नवी कोरी घेण्याचा मोह बहुतेकांना होतो. पण पहिल्या दोन वर्षांचा जबर घसारा त्यात पुन्हा नव्याने सोसावा लागतो.

सगळ्यात धोक्याचा प्रकार वेगळाच आहे, आणि ओळखीपाळखीच्या वस्तीत तोच सर्रास चालतो. गाडी नात्यातल्या किंवा गल्लीतल्या माणसाला द्यायची, त्याने वर थोडी रक्कम द्यायची आणि ‘पुढचे हप्ते तू भर’ असे ठरवायचे. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून झाले की दोघांनाही व्यवहार पक्का वाटतो. पण आरसीवर बँकेचा बोजा आणि मूळ मालकाचे नाव तसेच असते. बँकेच्या संमतीशिवाय गहाण गाडी विकता येत नाही. नव्या माणसाने दोन हप्ते चुकवले की फोन मूळ कर्जदाराला येतो आणि सिबिलचा स्कोअर त्याचाच पडतो. गाडीने कोणाला ठोकरले तर परिस्थिती आणखी बिकट. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, गाडी कितीही हातांतून गेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो.

हप्ता झेपत नाही म्हणून गाडी बँकेला परत देण्यानेही सुटका होत नाही. बँक ती लिलावात विकते, आणि लिलावात आलेली रक्कम व राहिलेले कर्ज यांतला फरक कर्जदाराकडूनच वसूल करते. लिलावातला भाव मालकाने स्वतः विकून मिळवलेल्या भावापेक्षा बहुधा कमीच असतो.

म्हणून कागदांचा क्रम महत्त्वाचा. आधी बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्यावे. त्यात ठरावीक तारखेपर्यंत भरायची नेमकी रक्कम लिहिलेली असते. खरेदीदाराने किंवा दलालाने ती रक्कम थेट कर्जखात्यात भरावी. विकणाऱ्याच्या हाती रोख देऊन ‘बँकेत भर’ म्हणण्यात दोघांनाही जोखीम आहे. कर्ज बंद झाल्यावर बँक एनओसी आणि सही केलेला नमुना ३५ देते. त्यावर आरटीओत बोजा, म्हणजे बोलीभाषेतला ‘एचपी’, उतरतो. मग नमुना २९ आणि ३० वर मालकी बदलते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत ती कळवायची असते. जुन्या गाड्यांच्या दलालांसाठी १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत नोंदणीचे नियम आले आहेत. अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवून नमुना २९सी वाहन पोर्टलवर भरला, की त्या गाडीची जबाबदारी त्या विक्रेत्यावर जाते. नोंदणी नसलेल्या दलालाकडे कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकून गाडी सोडणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

नवागामच्या कुटुंबांपुढे आणखी एक फाटा फुटतो. गावाकडे, शहादा किंवा अमळनेरला, कोणीतरी एमएच-३९ किंवा एमएच-१९ ची गाडी स्वस्तात देतो, किंवा सुरतेची जीजे-०५ गाडी तिकडच्या भावाला विकायची ठरते. सुरत-धुळे महामार्गावर हे अंतर फार वाटत नाही, आणि नवापूर स्टेशनात तर राज्याची हद्द फलाटावरूनच जाते. आरटीओच्या दप्तरात मात्र ती ओलांडायला नमुना २८ ची एनओसी लागते, आणि गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची संमतीही. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की नोंदणी बदलणे बंधनकारक आहे. नव्या राज्यात वयाप्रमाणे कर भरावा लागतो आणि जुन्या राज्यातला परतावा अर्ज करून मागावा लागतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा कर किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के आहे, गुजरातचा त्याहून कमी. त्यामुळे गुजरातची गाडी खान्देशात नेणाऱ्याने ‘स्वस्तात मिळाली’ म्हणण्याआधी हा कर धरून किंमत मोजावी.

विम्यातली एक गोष्ट हटकून निसटते. पाच वर्षे दावा केला नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत मिळणारा नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले, तर तो तीन वर्षांपर्यंत दुसऱ्या गाडीला लावता येतो. पत्र न घेता पॉलिसी गाडीसोबत देऊन टाकणारा स्वतःची सवलत सोडून देतो, आणि घेणाऱ्यालाही ती मिळत नाही.

व्यवहार झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी दोन नोंदी तपासाव्यात. वाहन पोर्टलवर जुन्या गाडीपुढे नव्या मालकाचे नाव आले आहे का, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये जुने खाते ‘क्लोज्ड’ असे दिसते का. ‘सेटल्ड’ असे लिहून आले तर त्याचा अर्थ पूर्ण फेड न होता तडजोड झाली असा लावला जातो, आणि पुढच्या घरकर्जाच्या वेळी तो शब्द आडवा येतो. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चूक आढळली तर बँकेची एनओसी जोडून दुरुस्तीचा अर्ज करावा.