वायर तापते, पण एमसीबी पडत नाही: एक्स्टेंशनवर इलेक्ट्रिक कार चार्ज करताना नेमकं काय होतं?

शनिवार-रविवार आला की चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. या रांगेत आता इलेक्ट्रिक कारही असतात. फार्महाऊसवर पोहोचलं की पहिला प्रश्न जेवणाचा आणि दुसरा चार्जिंगचा. गाडीसोबत पोर्टेबल चार्जर मिळालेला असतो, पण पंधरा अँपिअरचा सॉकेट असतो स्वयंपाकघरात नाहीतर बाथरूममध्ये गीझरजवळ. गाडी उभी असते अंगणात, वीस-पंचवीस मीटर लांब.

मग कुणीतरी माळ्यावरून एक्स्टेंशन बोर्ड काढतं. खिडकीतून वायर बाहेर येते, गाडीवर हिरवा दिवा लागतो आणि सगळे झोपायला जातात.

बहुतेक वेळा सकाळी गाडी चार्ज झालेली असते आणि काहीच बिघडलेलं नसतं. "आपण तर नेहमी असंच करतो" असं लोक म्हणतात ते यामुळेच. पण कार बनवणाऱ्या जवळपास सगळ्याच कंपन्या मॅन्युअलमध्ये एक्स्टेंशन वापरू नका असं स्पष्ट लिहितात. त्यामागे चार्जिंगला लागणाऱ्या वेळेचं आणि वायरच्या जाडीचं साधं गणित आहे.

गीझर चालतो, मग कार का नाही?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. २ किलोवॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर करंट घेतो. पाणी तापलं की पंधरा-वीस मिनिटांत तो आपोआप बंद होतो. सॉकेट आणि वायर जरा कोमट होतात आणि पुन्हा थंड होतात.

पंधरा अँपिअरच्या प्लगवर चालणारा कारचा चार्जर मात्र ३.३ किलोवॅटपर्यंत वीज ओढतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टला ते होतात १४ अँपिअरहून थोडे जास्त. छोट्या इलेक्ट्रिक कारची बॅटरी २४ युनिटची धरली तर ती रिकामी असताना पूर्ण भरायला आठ तास सहज लागतात. म्हणजे जवळजवळ पूर्ण क्षमतेचा करंट, सलग, रात्रभर. घरातलं दुसरं कुठलंच उपकरण सॉकेटकडून असं काम करून घेत नाही. इस्त्री आणि मायक्रोवेव्हही नाही. एसी बराच वेळ चालतो, पण तो यापेक्षा खूप कमी करंट घेतो.

वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. हा नियम लक्षात राहिला की पुढचं सगळं सोपं आहे.

वीस मीटर वायरमध्ये दोन बल्ब

इलेक्ट्रिशियनच्या भाषेत वायर "दीडची", "अडीचची" किंवा "चारची" असते. हा आकडा म्हणजे आतल्या तांब्याची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये. टीव्ही-मोबाईलसाठी मिळणाऱ्या साध्या एक्स्टेंशनमध्ये अनेकदा पाऊणची किंवा एकची वायर असते. बाहेरचं प्लास्टिक जाड असल्यामुळे ती दणकट वाटते, एवढंच.

पाऊणच्या वीस मीटर वायरमधून १४ अँपिअर सोडले तर जाऊन-येऊन चाळीस मीटर तांब्यात सुमारे २०० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे जुन्या काळचे शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब त्या वायरमध्ये रात्रभर जळत राहिल्यासारखं. आठ तासांत दीड युनिटहून जास्त वीज नुसती वायर तापवण्यात जाते. शिवाय चौदा-पंधरा व्होल्ट वाटेतच गळतात. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, त्यात ही भर. तेवढीच लांब वायर अडीचची घेतली तर उष्णता साठ-पासष्ट वॅटवर येते, चारची घेतली तर चाळीसच्या आसपास.

वायर जमिनीवर मोकळी पसरलेली असेल तर उष्णता हवेत निघून जाते. पण "पायात येते" म्हणून उरलेली वायर गुंडाळून ठेवली जाते, किंवा चक्रीवरची वायर हवी तेवढीच सोडली जाते. मग सगळी उष्णता एका बादलीएवढ्या जागेत कोंडते. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. त्यापुढे ते मऊ पडतं आणि वेटोळ्याच्या आत नेमकं कुठे काय वितळलं, हे बाहेरून दिसत नाही.

खरी आग लागते ती जोडावर

वायरपेक्षाही नाजूक जागा म्हणजे प्लग आणि सॉकेटची पकड. एक्स्टेंशन लावलं की असे जोड वाढतात. भिंतीतला एक सॉकेट होता, तिथे आता एक्स्टेंशनची पिन आणि तिच्या पुढचा बोर्डही आला. त्यात कुणी पंधराची पिन पाचच्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर लावला, तर जोड आणखी एक. या कन्व्हर्टरबद्दल वेगळं सांगायलाच नको. छोट्या सॉकेटवर लिहिलेलं असतं ६ अँपिअर आणि आपण त्यातून १४ मागतो.

सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झाली की तिथे थोडा अडथळा तयार होतो. तो फक्त ०.१ ओहम असला तरी १४ अँपिअरला तिथे सुमारे २० वॅट उष्णता निघते. आकडा लहान वाटतो, पण छोटं सोल्डरिंग आयर्नही २५ वॅटचंच असतं आणि ते धातू वितळवतं. इथे ही उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत असते. पट्टी तापली की आणखी सैल होते, तिच्यावर गंज चढतो, अडथळा वाढतो, मग ती आणखी तापते.

मुळशीत याला पावसाची साथ आहे. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणी घाटात २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला. अशा दमट हवेत आठवडाभर बंद असलेल्या घरातल्या सॉकेटच्या पितळेवर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही.

पण एमसीबी आहे ना?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. एमसीबी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट गेला की पडतो. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने १४ अँपिअर म्हणजे सगळं ठीकठाक. पुढे लावलेली वायर पाऊणची आहे की चारची, हे त्याला कळत नाही. सैल सॉकेट वितळायला लागला तरी करंट तेवढाच राहतो, त्यामुळे एमसीबी शांत बसतो. त्याचं काम भिंतीतली वायर वाचवणं आहे, माळ्यावरून काढलेलं एक्स्टेंशन वाचवणं नाही.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. तेव्हापासून इलेक्ट्रिक गाडी आणि आग म्हटलं की चर्चा बॅटरीवर जाते. बॅटरीवर गाडीतला कंप्युटर सतत लक्ष ठेवून असतो. एक्स्टेंशन बोर्डवर कुणाचंच लक्ष नसतं.

अर्थिंगचा जुगाड सगळ्यात वाईट

अनेकांना येणारा अनुभव असा की घरातल्या सॉकेटवर चार्जर लावला तर लाल दिवा लागतो आणि गाडी चार्जच होत नाही. चार्जरच्या वायरवर मधोमध जो डबा असतो, तो आधी अर्थिंग तपासतो. ते नसेल किंवा खराब असेल तर वीज पुढे सोडत नाही. स्वस्त एक्स्टेंशनमध्ये कधी कधी तिसरी वायरच नसते, पिन फक्त दिसायला तीन असतात.

यावर काही वायरमन झटपट उपाय करून देतात: सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एकमेकांना जोडायचे. लाल दिवा जातो, चार्जिंग सुरू होतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर घरातल्या चालू उपकरणांमधून येणारी वीज याच जोडातून गाडीच्या पत्र्यावर येऊ शकते. गाडी रबरी टायरवर उभी, खाली ओली माती आणि दार उघडायला अनवाणी माणूस. चार्जर "चालत नाही" म्हणतो तेव्हा तो बिघडलेला नसतो, घरातला बिघाड दाखवत असतो.

मग करायचं काय?

मीटरजवळच्या मेन बोर्डपासून गाडी उभी राहते तिथपर्यंत स्वतंत्र लाइन ओढायची. पाइपमधून चारची तांब्याची वायर, शेवटी चांगल्या कंपनीचा १६ अँपिअरचा झाकणवाला सॉकेट, त्या लाइनला वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अंगाला करंट लागण्यापासून वाचवतो तो आरसीसीबी, एमसीबी नाही. अर्थिंगचा खड्डा नीट करून मोजून घ्यायचा. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करायचं. काही लाखांच्या गाडीपुढे हा खर्च किरकोळ आहे, तरी लोक नेमका इथेच हात आखडता घेतात.

घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला परवानगी आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते स्पष्ट म्हटलंय. फक्त महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" किती लिहिलाय ते पाहा. तो दोन-तीन किलोवॅट असेल तर गाडी, गीझर आणि पाण्याची मोटर एकाच वेळी चालणार नाही, भार वाढवून घ्यावा लागेल. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवायचा असेल तर तो एकटाच ३१ अँपिअर घेतो, म्हणजे आधी महावितरणकडे अर्ज आणि मग चार्जर.

आणि एखाद्या रात्री खरंच पर्याय नसेल तर? काही गाड्यांत किंवा चार्जरवर करंट कमी करण्याची सोय असते. तो निम्म्यावर आणला की उष्णता चौथाई होते, वेळ दुप्पट लागतो. रात्रभर पूर्ण चार्ज करण्यापेक्षा पुण्यापर्यंत पोहोचण्यापुरतं चार्ज करा, तेही जागे असताना. वायर तीन कोअरची, किमान अडीचची आणि पूर्ण उलगडलेली हवी. सगळे जोड कोरड्या जागी ठेवा. अर्ध्या तासाने भिंतीतला स्विच बंद करून प्लगला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा प्लास्टिकचा वास येत असेल, तर त्या सॉकेटवर गाडी पुन्हा लावू नका. बदलल्याशिवाय गीझरही नाही.